टॅबमधला ठोका

“जोडलंच जाईना की गं हे!” लोहार सिस्टर टॅबवर बोट आपटत म्हणाल्या.

मी उपकेंद्रातल्या टेबलावर पोट उघडं टाकून छताकडं बघत पडले होते. आठवा महिना सरत आला होता. पोटावर पट्टा, पट्ट्यात बशीएवढी चकती, आणि ती चकती म्हणे बिनतारेची. पोटातल्या जिवाचा ठोका तिनं ऐकायचा आणि सिस्टरांच्या हातातल्या टॅबला सांगायचा. टॅबवर आकडा दिसणार, आवाजही येणार. सगळं झकास होतं, फक्त चकतीचं आणि टॅबचं त्या दिवशी काही केल्या जमत नव्हतं.

“बंद करून चालू करा की,” मी म्हणाले. मी तशी तोंडाळ, आडवी पडले म्हणून काय गप्प बसतेय? “आमच्या ह्यांच्या मोबाइलवरचं गाणं स्पीकरला लागंना झालं की हे तेच करतात.”

“केलं गं बाई. दोनदा केलं. तू गप पड. बोललीस की पोट हलतंय.”

“मग टॅबला नारळ फोडा.”

“तुझ्याच डोक्यावर फोडीन.” सिस्टर हसल्या. त्या हसल्या की सगळ्या केंद्रात बरं वाटायचं.

आमचं उपकेंद्र म्हणजे घाटमाथ्यावरच्या तांबेवाडीतल्या दोन खोल्या. शेजारी पिठाची गिरणी, ती दिवसभर धडधडायची. महिन्यातून एकदा आसपासच्या वाड्यांतल्या पोटुशा बाया तिथं तपासणीला यायच्या आणि सगळ्यांना दुपारची एसटी गाठायची असायची, कारण नंतर गाडीच नव्हती. टॅब एकच, पट्टे दोन. म्हणून सिस्टरांनी एक रीत पाडली होती. एकीचं चालू असतानाच पडद्यापलीकडच्या कॉटवर दुसरीला पट्टा बांधून तयार ठेवायचं. ते काम बायाक्काचं. बायाक्का केंद्रातली मदतनीस, हाताला जड पण मनानं मऊ. या रीतीनं बायांची एसटी चुकत नसे आणि सगळ्या सिस्टरांना दुवा देत.

त्या दिवशी पडद्यापलीकडं माझी थोरली जाऊ होती, शालनताई.

आता शालनताईंबद्दल सांगायलाच पाहिजे. लग्नाला बारा वर्षं झालेली आणि मांडीवर पोर नाही. राहायचं आणि जायचं. शेवटचं गेलं ते सातव्या महिन्यात. याच टेबलावर, तेव्हाच्या सिस्टर पोटाला नळी लावून ऐकत राहिल्या, ऐकतच राहिल्या, आणि मग काही न बोलता बाहेर निघून गेल्या. तेव्हापासून ताई या खोलीच्या उंबऱ्याला पाय लावताना थरथरायच्या. यंदा परत दिवस गेले आणि लागलीच पंधरा दिवसांत मलाही गेले. आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, ताईंना पाण्याची घागर उचलू देत नव्हत्या. मला म्हणायच्या, “तू काय, तरणीताठी.” मला राग यायचा का? यायचा की. पण ताईंचा कधी आला नाही. लग्न होऊन आले तेव्हा मला भाकरी थापता येत नव्हती, तर पहाटे उठून माझ्या वाटणीच्या थापून ठेवायच्या आणि सासूला सांगायच्या, “कांचननं केल्यात.” अशी बाई.

आमच्या घरात थोरलीच्या आधी धाकटीनं पाय टाकायचा नाही. हळदीकुंकू असो नाहीतर दवाखाना, थोरली पुढं. पण त्या दिवशी सिस्टरांनी हाक मारली आणि ताई भिंतीला टेकून म्हणाल्या, “आज तू हो पुढं.”

“का ओ?”

“हो म्हणते न्हवं.”

मला वाटलं, दमल्या असतील. चढाची वाट, आठ महिने भरलेलं पोट. मी झाले पुढं.

तर इकडं सिस्टरांचं चाललंच होतं. त्यांनी टॅबमधलं चकतीचं जुनं नावच काढून टाकलं, चकती बंद केली, चालू केली, आणि परत नव्यानं शोधायला लावलं. पडद्याआडून बायाक्काचा आवाज आला, “सिस्टर, हिला बांधला ओ पट्टा. दिवा लागला.”

“असू दे. पडून राहू दे तिला.” मग सिस्टर आनंदानं ओरडल्या, “आलं! आलं बाई नाव एकदाचं. जोडलं!”

आणि टॅबमधून आवाज सुरू झाला. दुडक्या चालीनं घोडं निघावं तसा. आकडा एकशे पस्तीसच्या आसपास नाचत होता. सिस्टर म्हणाल्या, “हे बघ तुझं लेकरू. कसं पळतंय.” मी मान वळवून बघितलं आणि अंगावर सर्रकन काटा आला, गोड काटा. मी हात जोडणार, तेवढ्यात चाल मंदावली.

आधी मला कळलंच नाही. मी सिस्टरांचं तोंड बघत होते म्हणून कळलं. ते हसू तिथल्या तिथं विझलं. आकडा उतरत चालला होता. एकशे वीस. एकशे दहा. शंभर. नव्वदाच्याही खाली गेला, आणि तिथं रेंगाळून कसाबसा पुन्हा वर आला.

“काय झालं?” मी विचारलं.

“काही नाही. डाव्या कुशीवर हो.”

झाले. सिस्टरांनी माझं मनगट धरलं. माझीच नाडी त्या यंत्रानं पकडली की काय, म्हणून त्या मोजत होत्या. मोजून झाल्यावर त्यांनी मनगट हळूच खाली ठेवलं. माझी नाडी घाबरून धावत होती. तो मंद ठोका माझा नव्हता.

पुन्हा उतरला. या वेळी आणखी खाली.

“बायाक्का, गिरणी बंद करायला सांग जा!” सिस्टर ओरडल्या आणि गळ्यातला स्टेथोस्कोप माझ्या पोटावर इकडं तिकडं दाबायला लागल्या. बायाक्का पळाली. गिरणीवाला दाणे टाकून बसला होता, तो म्हणाला म्हणे, आता मध्येच बंद होत नाही. भिंत हादरत राहिली. सिस्टरांना काही ऐकू येईना. टॅबचं तेवढं ऐकू येत होतं, ढब... ढब... ढब. मध्ये इतकी जागा पडायची की मी श्वास धरून पुढच्या ठोक्याची वाट बघायची.

“सिस्टर, पण ते लाथा मारतंय ओ! ही बघा, बरगडीखाली मारली!”

“असू दे. कधी कधी जीव घाबरला की जास्त हलतं.” एवढं बोलून त्यांना वाटलं, नको होतं बोलायला. त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला. हात गार पडला होता. “तू बोलू नकोस. लांब श्वास घे.”

माझं लेकरू आत धडका देत होतं आणि मला वाटत होतं, ते सुटायला बघतंय. दार लागलेल्या घरात माणूस धडका देतं तसं. आणि मी, त्याची आई, टेबलावर आडवी पडून नुसती ऐकतेय. भीती म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मी, जिच्या तोंडाला सासूसुद्धा टरकून असायची, मी टेबलाची कड घट्ट धरून ठेवली.

पडद्याकडं तोंड करून कशीबशी म्हणाले, “ताई...”

“हाय गं, मी हाय,” पलीकडून ताईंचा आवाज आला. “भिऊ नगंस. तुझ्या लेकराला काय होत न्हाई.”

सिस्टर तालुक्याच्या डॉक्टरांना फोनवर सांगत होत्या. आठ महिने पुरे. ठोके खाली जातायत. होय, परत वर येतात, पण उशिरा. होय सर. घाट उतरायला वेळ लागेल. होय, गाडी खालच्या फाट्यावर आलेलीच आहे, बोलावते. मी प्रत्येक ‘होय’ ऐकत होते. शेवटी त्या म्हणाल्या, “थिएटर तयार ठेवा,” आणि माझे डोळे आपोआप मिटले.

अँब्युलन्स आली. ड्रायव्हर दारात स्ट्रेचर घेऊन उभा राहिला. टॅब सिस्टरांच्या हातात होता, डॉक्टरांना आकडे वाचून दाखवत होत्या. बायाक्कानं घाईघाईनं माझ्या पोटावरचा पट्टा सोडला आणि चकतीसकट टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला. तेवढ्यात गिरणीचं दळण संपलं आणि धडधड थांबली.

सगळी खोली गप्प झाली. आणि त्या गप्प खोलीत टॅब वाजतच होता.

ढब... ढब... ढब...

मी उठून बसले होते. माझ्या पोटावर काहीच नव्हतं. चकती टेबलाच्या कोपऱ्यावर उपडी पडली होती. तरी ठोका चालू होता. बायाक्कानं “अगं आई!” म्हणून तोंडावर पदर दाबला. सिस्टरांनी चकतीकडं बघितलं, टॅबकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं. भूत बघावं तशा आम्ही तिघी.

मग आम्ही तिघींनी एकदम पडद्याकडं बघितलं.

सिस्टरांनी ओठावर बोट ठेवलं. हळूच पडदा बाजूला केला. शालनताई कॉटवर उताण्या, हात छातीशी जोडलेले, डोळे मिटलेले. पोटावर दुसरा पट्टा, आणि त्यावरच्या चकतीचा हिरवा दिवा लुकलुकतोय. सिस्टर वाकल्या, “जरा बघते हं, पट्टा नीट बसलाय का,” म्हणाल्या आणि चकतीचं बटण दाबलं. दिवा विझला. टॅब मुका झाला. पुन्हा दाबलं. क्षणभर काही नाही. मग, ढब... ढब...

टॅबनं नाव शोधलं तेव्हा पलीकडची चकती नुकतीच चालू झालेली होती. दोन्ही एकाच कंपनीच्या, टॅबवर दोन्ही चकत्यांचं नावही एकच. टॅब तिला जाऊन चिकटला. जो ठोका बुडत होता तो माझ्या लेकराचा नव्हताच.

खोटं कशाला सांगू, मला आधी आनंदच झाला. आणि पुढच्याच श्वासाला तो गेला, कारण समोर ताई होत्या. ताईंनी डोळे उघडले होते आणि माझ्याकडं बघत होत्या.

“कांचन, उठलीस व्हय?” त्या म्हणाल्या. “जा बाय, गाडी आलीय.”

सिस्टरांनी मला हाताला धरून दारापाशी ओढलं. पुटपुटल्या, “तिला सांगायचं नाही. आधीच पोळलेली बाई. घाटात घाबरून रक्तदाब वाढला तर मी एकटी काय करू? तूही चल. तुझंच आहे असं राहू दे.”

“आणि माझं?”

“तुझं लाथा मारतंय ना? मग गप गाडीत बस.”

सिस्टर परत आत आल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, “शालन, तूही चल गं. दोघींना नेते. तुझी तपासणी वाटेतच करते, पट्टा राहू दे तसाच.”

“मला कशाला? मी येते बसून. तिला निजवा.”

“न्हाई ताई, मला पडलं की गुदमरतंय,” मी म्हणाले. कुठून सुचलं देव जाणे. “तुम्ही निजा. तुमच्या उशाशी बसते.”

ताईंनी माझ्याकडं एकदा नीट बघितलं. मग मुकाट्यानं स्ट्रेचरवर डाव्या कुशीवर झाल्या.

घाट सुरू झाला. एकेका वळणाला गाडी झुकायची आणि आम्ही दांड्याला धरायचो. सिस्टरांनी टॅबचा आवाज बारीक करून तो मांडीवर उलटा ठेवला होता, पण मला ऐकू यायचं. ताईंना पण येत असणारच. ठोका उतरायला लागला की सिस्टर टॅबची कड उचलून बघायच्या आणि मी त्यांचं तोंड बघायची. तो वर आला की दोघी श्वास सोडायचो. तो वर यायला दरवेळी जास्त वेळ लागायला लागला होता. ड्रायव्हरला मी दोनदा म्हणाले, “दादा, जरा चेपा की!” तो म्हणाला, “वहिनी, दरीत चेपू काय?”

आणि ताई बोलत होत्या. एरवी दिवसाकाठी चार वाक्यं बोलणारी बाई, ती थांबायला तयार नव्हती. माझ्या पोटावर हात फिरवत होत्या आणि बोलत होत्या.

“आत्याबाईंनी लोणच्याला मीठ कमी घातलंय यंदा. बुरशी धरंल.”

“व्हय ताई.”

“म्हैस पान्हा चोरती हल्ली. तू धार काढलीस की देती, माझ्या हाताला देत न्हाई. लाडावलीयस तिला.”

“व्हय.”

“पोरगा झाला तर नाव काय ठेवायचं म्हणतीस?”

मला रडू आवरेना. मी खिडकीकडं तोंड केलं. ताई म्हणाल्या, “रडायचं न्हाई. लेकराला कळतं आतनं. धीर धर. यमाई हाय.” आणि माझ्या पोटावर थोपटत राहिल्या, अंगाईला थोपटावं तसं. मी त्यांच्याच लेकराचे पडते ठोके ऐकत होते आणि धीर त्या मला देत होत्या. असला अघोरी प्रवास वैऱ्यावरही येऊ नये म्हणते मी. कितीदा वाटलं, सांगून टाकावं. कितीदा जिभेवर आलं. पण सिस्टर डोळ्यांनी ‘नाही’ म्हणायच्या आणि मी गिळून टाकायची.

तालुक्याच्या दवाखान्यात गाडी लागली. दार उघडलं. आतून दोघे वॉर्डबॉय धावत आले, चाकांची गाडी घेऊन. एकानं आत बघितलं. दोन पोटुशा बाया, एक निजलेली, एक बसलेली.

“पेशंट कोण?” त्यानं विचारलं.

मी सिस्टरांकडं बघितलं. सिस्टरांनी माझ्याकडं. टॅब तेवढा वाजत होता.

“मी,” शालनताई म्हणाल्या.

हात वर केला होता त्यांनी, शाळेत पोरं करतात तसा. “मी पेशंट. हिला काय झालं न्हाई.”

“ताई!”

“मला ठावं हाय गं,” त्यांनी माझी मनगटं धरली. आता त्यांचे दात वाजत होते. “सकाळधरनं हललं न्हाई माझ्यात. चढाला एकदा जरासं, मग न्हाईच. बोलले असते तर खरं झालं असतं, म्हणून बोलले न्हाई. म्हणून तुला पुढं घातलं. बाईनं बटण दाबलं आन् आवाज गेला, तवाच कळलं मला, कुणाचा त्यो.”

“मग गाडीत...”

“कुणी सांगू नये म्हणून बोलत बसले. ऐकायचं नव्हतं मला.” आणि मग मात्र ती बाई फुटली. बारा वर्षं जिनं कुणाला डोळ्यातलं पाणी दाखवलं नव्हतं, ती वॉर्डबॉयच्या देखत हंबरडा फोडून म्हणाली, “कांचन, मला लई भ्या वाटतंय गं! लई भ्या वाटतंय!”

मी काय बोलले ते आठवत नाही. तिच्या गालाला गाल लावला एवढं आठवतं. चाकाची गाडी सुटली आणि आम्ही बोळातून तिच्या मागं पळालो, मी पोट धरून, सिस्टर टॅब धरून. पट्टा अजून ताईंच्या पोटावरच होता. टॅब वाजत होता. ढब... ढब... थिएटरची दोन दारं उघडली, ताई आत गेल्या, दारं मिटली, आणि टॅबमधला आवाज तुटक व्हायला लागला. एक ठोका. मग नुसती खरखर. मग एक. मग काहीच नाही.

टॅबच्या पडद्यावर आकड्याच्या जागी रेघा आल्या.

“सिस्टर?”

“लांब गेली, म्हणून तुटलं असेल,” त्या म्हणाल्या. “किंवा आत पट्टा काढला असेल.”

“असेल म्हणजे? नक्की काय?”

“मला माहीत नाही गं!” त्या एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की बोळातली माणसं वळून बघायला लागली. मग टॅब दाराला लावून त्या पुन्हा पुन्हा शोधायचं बटण दाबत राहिल्या. टॅब शोधत होता. सापडत नव्हतं. मी त्यांच्या हातातून तो काढून बाकावर पालथा घातला. त्याच्याकडं बघवत नव्हतं मला.

आम्ही बसलो. सिस्टरांनी माझा हात धरला की मी त्यांचा, सांगता येणार नाही. त्या स्वतःशीच बोलत होत्या, “टॅब तिच्या चकतीला लागला म्हणून गाडी आली. नीट लागला असता तर अजून तुझंच बघत बसले असते. मग तिचं. मग फोन. मग गाडी.” मला त्यातलं काही डोक्यात शिरत नव्हतं. मी देवाला नवस बोलायला गेले तर देवाचं नावसुद्धा आठवेना.

मग आतून रडण्याचा आवाज आला. बारीक, चिडका, चिमणीसारखा. सिस्टरांनी “ऐकलंस?” म्हणून माझा दंड इतका दाबला की नंतर काळानिळा पडला. पण मी बसूनच राहिले. आत दोन टेबलं होती, दुसरीही एक बाई सकाळपासून होती, हे मला बाकावरच्या म्हातारीनं सांगितलं होतं. नुसत्या आवाजावर विश्वास ठेवायला मी त्या दिवशी तयार नव्हते.

दार उघडून हिरव्या कपड्यातली नर्स बाहेर आली. हातात गुंडाळी. “शालन मांढरे यांचं कोण आहे? मुलगी झालीय. नाळेचे दोन वेढे होते मानेला. वजन कमी आहे, पेटीत ठेवायला नेते.”

“शालनचीच ना?” मी वाट अडवून विचारलं.

“हो.”

“दुसरीची न्हाई ना?”

“अहो, दुसरीचं अजून व्हायचंय. बाजूला व्हा.”

“दाखवा मला.”

“बाई, बाजूला व्हा!”

मी झाले नाही. मी गुंडाळीत हात घातला. नर्स ओरडली, “हात धुतलेत का?” नव्हते धुतले. मी त्या ओल्या, कोमट, मुठीएवढ्या छातीवर दोन बोटं ठेवली. आत काहीतरी भरभर, भरभर, थांबायचं नाव न घेता पळत होतं. बोटाला लागत होतं. मी डोळे फाडून पोरीच्या तोंडाकडं बघितलं. तिनं जांभई दिली.

नर्सनं माझा हात ढकलून दिला आणि ती पोरीला घेऊन पळाली. मी वळले आणि थिएटरच्या मिटलेल्या दारावर दोन्ही हातांनी बडवायला लागले. आतून कुणी रागावलं, सिस्टर मागून धरायला लागल्या, पण मला कुणाची फिकीर नव्हती. मी घसा फोडून ओरडत होते, “ताई, हाय! ताई, ऐकताय न्हवं? हाय ओ, पोर हाय!”